कावेरीकाठची डोंगरवेडी

तिची ओळख करून द्यायची तर अडचण नावापासूनच सुरू होते. तिला एक ठरलेलं नाव नाही. तिरुवैयारूचे लोक तिला कुंभकोणमचा रस्ता म्हणतात आणि कुंभकोणमचे लोक तिरुवैयारूचा. अंतर सुमारे 35 किलोमीटर. कावेरीचा काठ धरून ती गणपती अग्रहारम, उमैयाळपुरम, कपिस्थलम, स्वामीमलै अशी गावं घेत कुंभकोणमला येते. तिथं तिनं थांबायला हवं, पण ती थांबत नाही. नदीची सोबत सुटू नये म्हणून पूर्वेला तिरुविसैनल्लूर, तिरुविडैमरुदूर आणि गोविंदपुरमपर्यंत जाते. नकाशावाले पुढच्या वाटा निराळ्या दाखवतात. मी ती सगळी एकच बाई मानतो, कारण स्वभाव एक आहे.

त्या स्वभावाचं मूळ एका उणिवेत आहे. तिला डोंगराचं वेड आहे आणि तिच्या वाट्याला डोंगर आलेला नाही. कुंभकोणम समुद्रसपाटीपासून जेमतेम 25 मीटर उंचीवर. डोळा जाईल तिथवर भातखाचरं, केळी, ऊस आणि नारळ. पुण्या-नाशकाकडचा पाहुणा इथल्या नातलगांकडे शनिवार-रविवार काढायला येतो, सकाळी गाडीची किल्ली फिरवत विचारतो, ‘‘इथं जवळपास घाटरस्ता नाही का?’’ हा प्रश्न तिला लागतो. ती लगेच उत्तर देत नाही. दोन दिवस घेते आणि मग एकेक पुरावा समोर ठेवते. तिचं म्हणणं सरळ आहे: मी डोंगराकडे गेले नाही, डोंगरच माझ्याकडे आला.

पहिला पुरावा तिच्या चालीत आहे. चढायची संधी ती सोडत नाही. नदीला पूर आला तर पाणी शिवारात शिरू नये म्हणून काठाला बांध घातलेले असतात. जमेल तिथं ती बांधाच्या अंगाला जाते, कालव्यावरचा पूल दिसला की त्यावर चढते. उंची पुरुषभर, फार तर दोन पुरुष. पण तेवढ्यावरून ती एका हाताला नदी आणि दुसऱ्या हाताला भात दाखवते आणि तिचा थाट महाबळेश्वरच्या पॉइंटाचा असतो. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला प्रथम गंमत वाटते. थोड्या वेळानं तोही गाडी थांबवून उभा राहतो.

तिला सरळ जाणं आवडत नाही. नदी वळली की ती वळते, देऊळ आलं की त्याच्या तळ्याला वळसा घालते, अग्रहार आलं की घरांच्या ओट्यांमधून हळूच निघते. बसचा चालक हॉर्न वाजवून दमतो, तिच्यावर परिणाम शून्य. 35 किलोमीटरना ती दीड तास सहज खाते. कुणी तक्रार केली तर पुढच्याच वळणावर वडाची सावली किंवा टपरीवरची भजी पुढे करते. तक्रार तिथंच संपते.

बोलायला ती गोड, कारण तिची सुरुवातच तिरुवैयारूत होते. कर्नाटक संगीताचे थोर रचनाकार त्यागराज याच गावात राहिले, 1847 मध्ये इथंच गेले. तंजावरच्या मराठा दरबाराचं बोलावणं त्यांनी नाकारल्याची कथा गावात आजही अभिमानानं सांगतात, आणि मराठी पाहुण्याला तर मुद्दाम सांगतात. पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक बसून त्यांच्या पंचरत्न कृती एका आवाजात गातात. ती समाधी बांधून उभी केली बंगळूर नागरत्नम्मा या गायिकेनं. पुढचं उमैयाळपुरम हे त्यागराजांच्या शिष्यांचं गाव. एवढं सगळं कानावर पडलेली वाट बेसूर कशी होईल? गोडाचं म्हणाल तर तिरुवैयारूचा अशोका हलवा आहे. मुगाच्या डाळीचा, तुपानं ओथंबलेला. तो खाल्ल्यावर पाहुणा घाटाबद्दल जरा कमी बोलतो.

घरगुती शिस्त मात्र तिची कडक. गणपती अग्रहारममध्ये गणेश चतुर्थीला घरोघर गणपती बसवत नाहीत. पूजा एकच, गावच्या देवळात, सगळ्यांची मिळून. घरात दीड, पाच, दहा दिवसांचा हिशेब करणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून चुकल्याचुकल्यासारखं होतं. ती म्हणते, एका गावाला एक गणपती पुरतो, कारण त्याच्याभोवती सगळं गाव येतं.

नातलगांच्या भेटीगाठींचा तिला फार जुना अनुभव आहे. गोड भेटी तिनं पाहिल्या, कडूही पाहिल्या. तिरुवैयारूच्या उत्तरेला कोळ्ळिडम नदी आहे. तिच्या पलीकडच्या काठावर तिरुमळवाडी, म्हणजे आजचं तिरुमळपाडी. 1677 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर आलेले शिवाजी महाराज तिथं मुक्कामाला होते आणि तंजावर ताब्यात घेतलेले त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे भेटायला आले होते. वडिलांच्या मिळकतीच्या वाटणीची बोलणी झाली, जमली नाहीत, आणि एका रात्री व्यंकोजीराजे कुणाला न सांगता नदी ओलांडून तंजावरला परतले. या मुलखातली मराठी नातलगांची सर्वांत गाजलेली भेट अशी अर्धवट राहिली. म्हणून की काय, आजच्या पाहुण्याला ती अर्ध्यावर उठू देत नाही. जेवल्याशिवाय सोडायचं नाही हा नियम तिच्या दोन्ही काठांवर पाळतात.

व्यंकोजींचं घराणं 1855 पर्यंत तंजावरला नांदलं आणि त्यांच्याबरोबर आलेली माणसं कायमची या काठाची झाली. कुंभकोणमच्या अशा मराठी घरात गेलात तर ओसरीवर तमिळ ऐकू येईल आणि माजघरात मराठी. त्या मराठीत जुने शब्द टिकले आहेत, हेल मात्र कावेरीचा लागला आहे. पानात डांगर वाढतील, उडदाच्या भाजलेल्या पिठात दही कालवून, वर फोडणी घातलेलं. इथं त्याला डांगर पच्चडी म्हणतात. शेजारी सांबार असतंच, आणि ते तंजावरच्या मराठा मुदपाकखान्यात जन्मलं ही दंतकथाही असते. न्याहारीला इडलीबरोबर कुंभकोणमची खास कडप्पा, म्हणजे मूगडाळ-बटाट्याचा दाटसर रस्सा. नंतर पितळी डबरा-टंबलरमधून डिग्री कॉफी, आणि शेवटी कावेरीकाठच्या मळ्यातलं कोवळं विड्याचं पान. आत्या आग्रह करते, काका अजून एक पान लावतात, आणि ‘‘आता निघतो’’ म्हटल्यापासून प्रत्यक्ष निघेपर्यंत दुपार सरते.

आपली लेकरं दूरवर गेल्याचा तिला अभिमान आहे. राजा सर टी. माधवराव 1828 मध्ये कुंभकोणममध्ये एका तंजावरी मराठी घरात जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. सयाजीराव गायकवाड लहान होते तेव्हा बडोद्याचा कारभार माधवरावांच्या हाती होता. गणिती श्रीनिवास रामानुजन याच गावात वाढले, शिकले आणि पुढे केंब्रिजला गेले. ही नावं ती घेते, पण पाहुण्याला फार वेळ तिथं रेंगाळू देत नाही. तिला त्याला आपला डोंगर दाखवायची घाई असते.

हो, तिच्याकडे एक डोंगर आहे. स्वामीमलै. कुंभकोणमच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर. हा डोंगर माणसांनी रचलेला आहे, उंची सुमारे 60 फूट. तमिळ माणसाच्या मनात मुरुगन हा डोंगराचा देव. त्याची सहा मुख्य ठाणी मानतात आणि पळणी, तिरुत्तणी अशी त्यातली बहुतेक डोंगरांवर आहेत. सपाट मुलखात तो यायचा तर त्याला उंच बसवायला हवं. लोकांनी चढण रचली आणि देवाला वर बसवलं. दुसऱ्या कुणी हे लपवलं असतं. ही वाट आधीच सांगून मोकळी होते: आमचा डोंगर आम्ही केला, देव मात्र आपण होऊन आला.

वर जायला 60 पायऱ्या आणि प्रत्येक पायरीला एका संवत्सराचं नाव. प्रभव, विभव, शुक्ल... गुढीपाडव्याला पंचांगातून ऐकलेली तीच नावं इथं पावलाखाली येतात. शेवटच्या पायरीवर पोचलेला माणूस संवत्सरांचं एक पूर्ण चक्र चढून आलेला असतो. गुडघे धरत चढणारे आजोबा आपल्या जन्मसंवत्सराच्या पायरीवर क्षणभर टेकतात, नातू मात्र तेवढ्यात सगळं आयुष्य ओलांडून वर पोचतो. उंची किती हा प्रश्न इथं कुणी काढत नाही.

वर बसलेल्या देवाची कथाही उंचीचीच आहे. ओंकाराचा अर्थ सांगता आला नाही म्हणून बाल मुरुगननं ब्रह्मदेवाला कोंडलं. शंकर रागावून आले, तर मुलानं त्यांनाच विचारलं, तुम्हांला येतो का? मग बापानं शिष्य होऊन मुलाकडून तो अर्थ ऐकला. म्हणून हा स्वामिनाथ, स्वामीचा गुरू. गुरू वर आणि शिष्य खाली, म्हणून मुलाचं देऊळ डोंगरावर आणि आईबापांचं, मीनाक्षी-सुंदरेश्वराचं, पायथ्याशी. हाच देव महाराष्ट्रात कार्तिकस्वामी, आणि तिथं तो ब्रह्मचारी. त्याच्या दर्शनाला बायकांनी जाऊ नये असं म्हणणारी देवळं आपल्याकडे आहेत. इथं तो वल्ली आणि देवयानैचा नवरा, आणि पायऱ्यांवर सर्वांत जास्त गर्दी बायकांची. मराठी सासूबाई हे पाहून आधी दचकतात, मग पदर खोचून चढायला लागतात.

या देवासमोर नेहमीचा मोर नाही, हत्ती आहे. इंद्रानं आपला ऐरावत त्याला दिला अशी समजूत. हत्तींवर या वाटेचं विशेष प्रेम. कपिस्थलमला विष्णू गजेंद्राला मगरीच्या जबड्यातून सोडवणारा म्हणून पुजला जातो. कुंभकोणमला लागून दारासुरमचं ऐरावतेश्वर; दुर्वासाच्या शापानं काळवंडलेल्या ऐरावताला तिथं आपला पांढरा रंग परत मिळाला म्हणतात. हत्ती हा डोंगररानातला प्राणी. डोंगर जवळ नाही, तर डोंगरातलं मोठ्यात मोठं माणूस तरी जवळ असावं, असा तिचा विचार दिसतो.

दारासुरम तिच्या हट्टाचं सर्वांत भारी उदाहरण आहे. दुसऱ्या राजराज चोळानं बाराव्या शतकात बांधलेलं हे देऊळ, 2004 पासून जागतिक वारसा. मंडपाला दगडी चाकं आणि ओढणारे घोडे आहेत, त्यामुळे सगळा मंडप रथ होऊन निघाल्याचा भास होतो. एका शिल्पात बैल आणि हत्ती यांचं डोकं एकच. एका बाजूनं नंदी, दुसऱ्या बाजूनं ऐरावत. नंदीजवळच्या दगडी पायऱ्यांतून सूर निघतात, आता त्या जाळीआड जपल्या आहेत. आणि या सगळ्याला लागलेला दगड इथला नाही. डेल्टात खडकच नाही, खणलं की गाळ आणि वाळू लागते. खडकाळ मुलूख पश्चिमेला, तिरुच्ची आणि पुदुक्कोट्टैच्या बाजूला. इथल्या चोळ देवळांचा दगड बाहेरून ओढत आणलेला आहे. डोंगर फोडून, तुकड्या-तुकड्यांनी गाडीवर घालून त्यांनी सपाटीवर परत रचला. ही वाट त्या देवळाकडे बोट दाखवते तेव्हा तिला नेमकं हेच सांगायचं असतं.

तिची एक चुलतबहीण आग्नेयेला नाचियारकोविलकडे जाते. तिथल्या ओतारींच्या पितळी समया सगळ्या तमिळनाडूत प्रसिद्ध. त्या गावच्या देवळातला गरुड दगडी आहे. वर्षातून दोनदा त्याची स्वारी निघते. गाभाऱ्यातून उचलायला चार माणसं लागतात, पुढे आठ, मग सोळा, मग बत्तीस. बाहेर पडावं तसा गरुड जड होत जातो आणि परतताना पुन्हा हलका, अशी श्रद्धा आहे. दगडाचं हे रुसणं-फुगणं या घराण्यात सगळ्यांना ओळखीचं आहे. दूरवरून आलेल्या पाहुण्याचा मान ठेवावाच लागतो.

पण दगडापेक्षा मोठा पुरावा तिच्या पायाखाली आहे. कावेरी उगम पावते ती कोडगूत, ब्रह्मगिरीवर, तलकावेरीला, 1,276 मीटर उंचीवर. म्हणजे आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिणेकडच्या रांगेत. तिथून सुमारे 800 किलोमीटर चालत ती समुद्राला मिळते. वाटेत डोंगराचा चुरा पाण्याबरोबर येतो आणि या मुलखात पसरतो. ज्या मातीत भात उभा आहे, तो चुरा झालेला डोंगर आहे. इथले लोक त्या गाळाला वंडल म्हणतात आणि बोटांत चोळून त्याची जात सांगतात.

स्वामीमलैचे स्थपती त्याच वंडलातून देव काढतात. पद्धत चोळांच्या काळापासूनची, मेण घालवून ओतण्याची. मूर्तीच्या उंचीएवढी नारळाच्या झावळीची पट्टी कापतात, तिला घड्या घालून तालमानाप्रमाणे तोंड, छाती, कंबर, गुडघा यांची मापं ठरवतात. मधमाश्यांचं मेण आणि राळ एकत्र करून मूर्ती घडवतात. तिच्यावर पहिला लेप चढतो तो कावेरीच्या मऊ, बारीक गाळाचा. बोटाच्या ठशापर्यंत सगळं तो उचलून घेतो. वर आणखी मातीचे थर, तारांची बांधणी, मग आच. मेण वितळून वाहून जातं, राहिलेल्या पोकळीत वितळलेला पंचधातू ओततात. गार झाल्यावर साचा फोडतात. म्हणून प्रत्येक मूर्ती एकटीच असते, तिला जुळी बहीण नाही. ही कारागिरी हलवून दुसरीकडे नेता येईल का, असं विचारलं तर स्थपती नदीकडे बघतात. अशी माती त्यांना दुसरीकडे कुठून मिळायची?

2023 मध्ये दिल्लीच्या भारत मंडपमसमोर 27 फूट उंच, सुमारे 18 टनांचा नटराज उभा राहिला. तो इथलाच. अष्टधातूचा तो देव ट्रेलरवर चढून देशाच्या राजधानीपर्यंत रस्त्यानं गेला. जाताना हिचाच उंबरा ओलांडून गेला. हे ती प्रत्येकाला सांगते, ज्यांनी विचारलेलं नाही त्यांनासुद्धा. आणि का सांगू नये? कोडगूच्या पावसानं खाली आणलेली माती तिनं देव करून दिल्लीला पाठवली.

तिचा राग पाहायचा असेल तर कडक उन्हाळ्यात या. मेट्टूरचं धरण 1934 पासून तिच्या नदीचं कुलूप सांभाळतं आणि रिवाजाप्रमाणे 12 जूनला ते उघडतं. धरणात पुरेसं पाणी असलं तर. नसलं तर कुरुवै, म्हणजे पहिलं भात, हुकतं. मग नदीच्या पात्रात वाळू, वाळूत मुलांचं क्रिकेट, आणि वाटेवर धुरळा. टपरीवरची माणसं पेपरात मेट्टूरची पातळी वाचतात, फुटांत, आणि कुणी आवाज चढवून बोललं तर त्याला ते माफ करतात. अशा दिवसांत ती पाहुण्याशी नीट बोलत नाही. घरात चिंता असताना कोण बोलेल?

पाणी येतं तेव्हा सगळं फिरतं. कल्लणै, म्हणजे करिकाल चोळाच्या नावावर असलेला प्राचीन बंधारा, तिथून पाणी फाट्या-फाट्यांत शिरतं आणि गावंच्या गावं काठावर जमतात. ऑगस्टच्या सुरुवातीला, आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, आडिपेरुक्कू. समजूत अशी की त्या दिवसांत कावेरी गरोदर असते. मग तिचे डोहाळे पुरवायचे: लिंबाचा भात, चिंचेचा भात, नारळाचा भात, दहीभात. हळदीचा दोरा, काळे मणी, ताडपत्राची कर्णफुलं पाण्यात सोडायची. मुलं लहान लाकडी रथ ओढत वाटेनं धावतात. डोंगराची लेक बाळंतपणाला सपाटीवर आली आहे आणि सगळा मुलूख तिचं डोहाळजेवण करतो आहे. या दिवशी आमची वाट इतकी नटलेली असते की मोटारींना तिच्यावर जागा मिळत नाही, आणि त्याबद्दल तिला मुळीच खंत नसते.

पोंगलच्या पुढेमागे तिचं दुसरं रूप दिसतं. सांबा भात कापून झालेलं असतं आणि शेतकरी ते वाळवायला थेट तिच्या अंगावर पसरतात. अर्धा रस्ता सोनेरी. बस उरलेल्या अर्ध्या भागातून जाते, समोरचा ट्रॅक्टर थांबतो, म्हातारी पायानं भाताला सऱ्या पाडत राहते. कायद्यानं रस्ता वाहनांचा. तिनं मात्र आपली निष्ठा कुणाकडे हे आधीच ठरवलेलं आहे.

कुंभकोणमच्या पुढे ती हळवी होते. तिरुविडैमरुदूरला अमरसिंहराजे राहायला आले. 1798 मध्ये इंग्रजांनी त्यांना तंजावरच्या गादीवरून उतरवून सरफोजीराजांना बसवलं होतं. पेन्शनीवर जगणाऱ्या राजानंही इथं दरबार ठेवला, गवय्ये ठेवले. त्यांचा मुलगा प्रतापसिंह. त्याच्याशी लग्न व्हावं म्हणून त्याच्या मामेबहिणीनं, अम्मुणी अम्मणीनं, तिथल्या महालिंगस्वामीला लक्ष दिव्यांचा नवस बोलला होता. नवस फळला. तिनं लाख दिवे लावले आणि त्यांतला एक म्हणून स्वतःचीच पितळी मूर्ती ओतवून, हातात दिवा घेतलेली, देवाला अर्पण केली. मूर्तीवर 1853 चा लेख आहे. दोन वर्षांनी तंजावरचं संस्थानच खालसा झालं. राज्य गेलं, दिवा धरणारा हात राहिला. पावै विळक्कू, दीप धरणारी बाहुली, अशी कितीतरी देवळांत असते. ही एक नावानिशी ओळखता येते आणि ती मराठी आहे.

तिरुविसैनल्लूरला पहिल्या शहाजीराजांनी, व्यंकोजींच्या मुलानं, 1693 मध्ये पंडितांना गाव वसवून दिलं, शहाजीराजपुरम. तिथं श्रीधर अय्यावाळ राहत. श्राद्धाच्या दिवशी दारात भुकेला अंत्यज आला, त्यांनी त्याला श्राद्धाचंच अन्न वाढलं. ब्राह्मण चिडले, गंगास्नान करून शुद्ध हो म्हणाले. तेव्हा गंगाच त्यांच्या विहिरीत उसळली आणि अंगण भरून वाहू लागली, अशी कथा आहे. कार्तिक अमावास्येला त्या विहिरीवर आजही स्नानाला रांग लागते. हिमालयाची मुलगीसुद्धा इथं आली ती एका भुकेल्याच्या घासासाठी. वाट हे सांगताना आवाज चढवत नाही, कारण यात तिचा मोठेपणा नाही, अय्यावाळांचा आहे.

आणि गोविंदपुरमला साक्षात विठ्ठल-रखुमाई. 2011 मध्ये प्रतिष्ठा झालेलं, महाराष्ट्री धाटणीच्या शिखराचं मोठं देऊळ, भाताच्या शिवारात. जवळच बोधेंद्र स्वामींचं अधिष्ठान. अय्यावाळ, बोधेंद्र आणि मरुदनल्लूरचे सद्गुरू स्वामी या तिघांनी या काठावर नामसंकीर्तनाची परंपरा उभी केली. तिच्या भजनांत तुकोबांचे अभंगही गायले जातात, मृदंगावर, तमिळ उच्चारांत. वारकऱ्याचे कान एक ओळ चाचपडतात, दुसऱ्या ओळीला त्याचा टाळ मिळतो.

विक्रवांडी-तंजावर चौपदरी महामार्ग आता तिच्या शेजारून गेला आहे. भराव उंच, रस्ता सरळ, वेग भरपूर. मुंबईहून आलेला जावई त्याच्यावरून तासाभरात तंजावर गाठतो. तिला त्याचा हेवा वाटतो का? थोडा वाटत असावा, विशेषतः त्या उंच भरावाचा. पण अशोका, हत्ती, स्थपती आणि वाळत घातलेलं भात तिनं स्वतःकडेच ठेवलं आहे, आणि ज्याला नातलगांकडे वेळेवर पोचण्यापेक्षा नातलगांचा मुलूख बघायचा आहे, तो आजही तिच्याकडे वळतो.

एक गोष्ट तिच्या वतीनं मी कळकळीनं सांगतो. तिचं सगळं वैभव वरून येतं. कोडगूचं रान तुटलं तर पाणी अडखळतं. पात्रातली वाळू बेसुमार उपसली तर तळ खाली जातो, आणि कालव्यांची तोंडं उंचावर कोरडी राहतात. मग धरण भरलेलं असूनही शेवटच्या शिवारापर्यंत पाणी पोचत नाही. वाळूचे ट्रक अडवणारी माणसं याच गावांतली आहेत आणि ती तिच्यासाठी उभी राहतात. डोंगर शाबूत असला तरच सपाटी जगते, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. आपल्यालाही शिकवायची तिची तयारी आहे. फक्त जाताना दोन दिवस मोकळे ठेवा, महामार्ग सोडा, आणि वाटेत कुणी जेवायला बसवलं तर नाही म्हणू नका.